पांढरीतलं लेकरू

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या आईवर. तीन वर्षांपूर्वी, माघातल्या एका मंगळवारी, न्याहारीच्या वेळेला, तिच्याच रानातून, तिच्या डोळ्यांदेखत तिची मुलगी उचलून नेली. मुलगी कधीच गेलेली होती. तरी ती तिची होती.

थोरली आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमचं घर इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याच्या अलीकडं. कालव्याचं पाणी, ऊस, थोडं डाळिंब, कारखान्याचं सभासदत्व. म्हणजे तुम्ही 'बागायतदार' म्हणून ज्यांच्यावर जळता, त्यातलेच आम्ही.

पत्रकं लिहायला मी बारामतीत कॉलेजला असताना शिकले. लोणी भापकरच्या बाजूला पाणी का येत नाही, मुलींच्या वसतिगृहाचं फाटक दिवस मावळायच्या आत का लागतं, असली पत्रकं. स्टँडसमोर झेरॉक्स काढायची आणि गाडीची वाट बघणाऱ्यांना वाटायची. कुणावर आणि कधी, हे पहिल्या ओळीत सांगायचं, कारण गाडी लागली की माणूस कागद टाकून पळतो. ते मी सांगितलं. आता पुढचं ऐका.

आमच्या रानाच्या कडेला पांढर होती. पांढर म्हणजे उठून गेलेल्या जुन्या गावाची जागा. किती पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून टेकाड झालेलं, आणि ती माती राखेसारखी पांढुरकी. पावसानं धुपलं की खापरं उघडी पडायची, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे सापडायचे. लहानपणी आम्ही त्याच खापरांनी भातुकली मांडलेली आहे. पांढरीवर नांगर घालत नाहीत. म्हणूनच आमच्या वस्तीवरच्या बायका आपली गेलेली तान्ही लेकरं तिथं ठेवायच्या. ज्याला दात आले नाहीत त्याला अग्नी देत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. आमच्याकडं 'पुरलं' असंही म्हणत नाहीत. 'ठेवलं' म्हणतात. चुलते गेले तेव्हा त्यांची राख नरसिंहपूरला संगमात सोडली. तिथं घाटावर थोरली आई मला म्हणाली होती, "मोठ्यास्नी पाणी, बारक्यास्नी माती." ती हे कुणाबद्दल म्हणतेय, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

तिची पहिली मुलगी तापानं गेली होती. नाव ठेवायच्या आधी. लग्नात कुंभाराकडून आणलेला एक डेरा घरात होता, लाल, त्यावर चुन्याचे पांढरे पट्टे ओढलेले. त्यात मुलीला निजवली, वर मातीची पसरट परळ झाकली. चुलत्यांनी खड्डा घेतला आणि थोरल्या आईनं स्वतःच्या हातानं डेरा आत सोडला. मग तिला माझे दोन चुलतभाऊ झाले, दोघांची लग्नं झाली. घरात त्या मुलीचा विषय निघाला नाही. असल्या लेकरांचा काढत नाहीत.

आता जेसीबीकडं येऊ. उसाला पाणी देऊन देऊन आमची रानं चोपण झाली. मीठ वर आलं, ऊस पिवळा पडायला लागला. अशा रानात पांढरीची माती टाकली की पीक उठतं, असा सगळ्यांचा अनुभव आहे. पूर्वी बैलगाडीनं एकेक खेप नेत. आता जेसीबी लागतो आणि ट्रॉल्या भरतात. त्या माघात तो आमच्या पांढरीला लागला, आणि टेकाड उभं कापताना कापलेल्या भिंतीत एक डेरा दिसला. कुणीतरी फोटो काढला. फोटो गावच्या ग्रुपवर गेला आणि तिथून बारामतीला. बारामतीत परदेशातल्या एका विद्यापीठाची माणसं उतरली होती, निरेच्या काठाकाठानं जुन्या वस्त्या शोधत. एक प्राध्यापक बाई, शहरातल्या एका संशोधन संस्थेचे दोन साहेब आणि मराठी समजावून सांगायला पुण्याची एक विद्यार्थिनी.

ती माणसं मंगळवारी आली. मी नव्हते. जे झालं ते मला नंतर तिघांनी सांगितलं, आणि तिघांचं जुळतं.

थोरली आई बांधावर घास कापत होती. डेऱ्याभोवती ब्रश चालू झाले तशी ती खुरपं टाकून तिथं गेली.

"ती माझी हाय. तिला हात लावू नका."

"आजी, हे फार जुनं आहे," ती विद्यार्थिनी म्हणाली. "हजारो वर्षांपूर्वीचं."

"आजी कुणाला म्हंतीस गं? आन मी काय हजार वर्साची दिसती व्हय तुला?"

सगळे हसले. बाईंना भाषांतर करून सांगितल्यावर त्याही हसल्या. मग त्यांनी थोरल्या आईला खुर्ची दिली, चहा दिला, पुढ्यात रेकॉर्डर ठेवला आणि म्हणाल्या, सगळं सांगा. थोरल्या आईनं सगळं सांगितलं. ताप, डेरा, परळ, खड्डा. तिचं असं कुणी आजवर ऐकलं नव्हतं. मान हलवत, मधे न बोलता. तिला वाटलं, एवढं ऐकतायत म्हणजे आता ठेवतील तिथंच.

माझे वडील, तात्या, तेवढ्यात धावत आले. त्यांची भीती वेगळी होती.

"वयनी, घरी चला. सरकारी मान्सं हायत. उद्या टेकाड सरकारजमा झालं म्हंजी माती कुठनं आणायची?"

"माती न्या की. तिला ऱ्हाऊ द्या."

"न्हेऊ द्या त्यास्नी. एकदा न्हेलं म्हंजी परत यायची न्हाईत."

म्हणजे एकाला हाडं हवी होती, दुसऱ्याला माती हवी होती आणि दोघांनाही घाई होती. डेरा कापसात, मग प्लास्टिकात, मग खोक्यात गेला. फार जपून, फार हळू. असं करणाऱ्यांना निर्दयी म्हणायचीही सोय नाही. जेसीबी दुपारी पुन्हा सुरू झाला.

शनिवारी मी बारामतीहून घरी आले तर तात्या फुशारकीनं म्हणाले, "आपल्या रानात पुराणातलं मडकं घावलं." मलाही अभिमान वाटला. आमच्या मातीवर पुस्तकं लिहिली जाणार होती. त्याच वर्षी मी त्याच विद्यापीठात अर्ज केला. मानववंशशास्त्र आणि पुरातत्त्व, दोन्ही एकाच पदवीत. एक विषय जिवंत माणसांना विचारतो, दुसरा त्यांच्या आधीच्यांची माती चाळतो. दोन्ही मिळून माणूस अख्खा कळतो, असं त्यांच्या माहितीपत्रकात होतं. पत्रक लिहिणारीनं दुसऱ्याच्या पत्रकावर विश्वास ठेवायचा नसतो. पण शिष्यवृत्ती मिळाली, मी भुलले.

निघायच्या आदल्या दिवशी थोरली आई माझ्यासाठी कारळ्याची चटणी कुटत होती.

"ती बाई आलती, तिच्याच साळंत चाललीस ना?"

"हो."

"मंग माझी पोरगी तितं आसंल. बघ." आणि उखळाकडं बघत तिनं मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "येताना घेऊन ये. लई मोठी न्हाय ती. पिशवीत मावंल."

तिथं दोन विषयांच्या दोन इमारती आहेत, मधे हिरवळ. हिरवळीवरून चालायचं नाही, कडेनं जायचं. आम्ही मोजकीच मुलं दोन्हीकडं जाणारी, बाकीचे आपापल्या बाजूला. चटणी मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात फोडणीला घातली तर धुराची घंटा वाजली आणि सगळी इमारत थंडीत बाहेर उभी राहिली. असे बाकीचे दिवस. ते सगळ्यांचेच असतात, त्यांचं रडगाणं मी गाणार नाही.

उन्हाळ्यात आम्हाला खोदकाम शिकायला जवळच्या एका गावात नेलं. रस्ता रुंद करताना जुन्या चर्चची दफनभूमी मधे आली होती. तिथं काय केलं ते सांगते. आधी गावात नोटीस लावली: कुणाचे नातेवाईक इथं असतील तर कळवा. दोन म्हाताऱ्या आल्या, त्यांनी फक्त घराण्याचं आडनाव सांगितलं, आणि त्यांना खुर्च्या देऊन विचारलं, कसं करूया? मग खड्ड्याभोवती कनात उभी केली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हाडं बघू नयेत म्हणून. आम्हाला मोठ्यानं हसायला मनाई होती. काम संपल्यावर पाद्री आले, हाडं पुन्हा मातीत गेली. त्या म्हाताऱ्यांकडं कुणी पुरावा मागितला नाही. मी घमेलं हातात धरून बघत होते आणि मला आमच्या बांधावरचं ते हसणं ऐकू येत होतं.

दुसऱ्या वर्षी मानववंशशास्त्राच्या तासाला, आमच्या बांधावर आलेल्या त्याच बाईंनी एक ध्वनिमुद्रण लावलं. आधी वारा, मग कोंबडं, मग थोरली आई.

"हितं मी ठिवली तिला. माज्या हातानं."

त्या दिव्यांच्या उंच दालनात आमच्या रानातला आवाज. खाली पडद्यावर भाषांतर धावत होतं, आणि भाषांतर बरोबर होतं, तक्रारीला जागा नाही. मग बाई म्हणाल्या की शेतकरी समाज प्राचीन मृतांशी नातं कसं जोडतो याचा हा सुंदर नमुना आहे. सापडलेल्या पुरातन दफनाला ही स्त्री आपलं अपत्य मानते. धड्याचं नाव होतं, 'आप्तत्वाची कल्पना'. मुलं लिहून घेत होती.

मीही तिचे शब्द वहीत उतरून घेतले. त्याच आठवड्यात हिरवळीच्या पलीकडं, हाडांच्या तासाला, दुसऱ्या प्राध्यापकांनी पडद्यावर एक जबडा दाखवला. इवलासा, लिंबाच्या फोडीएवढा. ते म्हणाले, अर्भकाला दात दिसत नाहीत, पण हाडाच्या आत ते जन्माआधीच घडायला लागलेले असतात. त्यावरून वय सांगता येतं. जबड्याच्या आत दातांची टोपणं दिसत होती, साबुदाण्याच्या दाण्यांसारखी. खाली लिहिलं होतं: निरा खोरं, डेऱ्यातलं दफन.

जिला दात आले नव्हते म्हणून मातीत ठेवली, तिचे दात मी पडद्यावर पाहिले. थोरल्या आईनं ते कधी पाहिले नव्हते.

पुढं ते म्हणाले की या दाताचं वय काढलं तर ते अगदी अलीकडचं आलं, जवळजवळ आजचं. आणि डेरा तर जुन्या थरात सापडलेला, लाल घडणीचा, पांढऱ्या रंगाचे पट्टे असलेला. तेव्हा नमुना दूषित झाला असणार. उसाची खतं, कालव्याचं पाणी. म्हणून मुलांनो, नमुना घेताना काळजी घ्या.

मी हात वर केला. उभी राहिले. म्हटलं, नमुना बरोबर आहे. तुमचा थर चुकला. खड्डा जुन्या थरात खणला होता, आणि जेसीबीनं टेकाड उभं कापल्यावर खड्ड्याची कड उडून गेली, म्हणून ती तुम्हाला दिसली नाही. पट्टे चुन्याचे आहेत, लग्नातल्या डेऱ्यावर ओढतात. त्या मुलीची आई जिवंत आहे. तिचा आवाज समोरच्या इमारतीत आहे. सोमवारी मी तो ऐकलाय.

मग ते फार सभ्यपणे म्हणाले, "हा फार हृद्य दृष्टिकोन आहे."

"दृष्टिकोन नाही," मी म्हटलं. "तक्रार आहे."

तासानंतर त्यांनी मला खोलीत बोलावलं. बाईही आल्या. दोघं एकमेकांना ओळखत होते, नाताळात एकमेकांकडं जेवत होते. पण त्यांच्या कामाचं त्यांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. बाईंना दाताचं वय माहीत नव्हतं. सरांना आवाज माहीत नव्हता. तो ऐकताना त्यांचा चेहरा पडला, हे मी खोटं सांगणार नाही. पण पडलेल्या चेहऱ्यानं पोरगी घरी येत नाही. ते म्हणाले, नातं सिद्ध करायला हवं. तुमच्या काकूंची थोडी लाळ लागेल.

मी व्हिडिओ कॉल लावला. थोरली आई गोठ्यात होती, फोन चुलतभावानं धरलेला.

"थुकी?" ती म्हणाली. "माझी पोरगी न्हेताना मागितली न्हाय थुकी. आता कशापायी?"

"ती तुझीच आहे का ते बघायला."

तिनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "घ्या. थुकी काय, रगत घ्या. कुणाच्या भांड्यात थुकू ते इचार."

ते मी विचारलं. तर उत्तर आलं की जिवंत माणसाकडून लाळ घ्यायची म्हणजे नैतिकता समितीची परवानगी लागते. समितीपुढं अर्ज, अर्जाला मार्गदर्शकाची सही, मग बैठक. थोरल्या आईच्या हक्कांचं रक्षण व्हावं म्हणून. तिच्या थुंकीला समिती आहे. तिच्या लेकराला खोक्यात घालताना नव्हती.

बैठक झाली नाही. माझी पदवी झाली. दोन्ही विषयांत चांगले गुण पडले, त्याचं काय लोणचं घालू?

यंदा वैशाखात परत आले आणि आधी शहरातल्या त्या संस्थेत गेले. डेरा परदेशात गेलेला नव्हताच, फक्त दात गेला होता. साहेब म्हणाले, वस्तू आमच्याकडं आहे पण निर्णय त्यांचा. तिकडचे म्हणतात, निर्णय आम्ही सुचवू शकतो पण वस्तू त्यांच्याकडं आहे. शेवटी एका बऱ्या माणसानं मला गोदामात नेलं. लोखंडी मांडणी, पंखा नाही, आणि खालच्या फळीवर ते खोकं. वर क्रमांक, आणि त्याखाली लाल शाईनं एक शब्द: 'दूषित'.

हा शब्द मी थोरल्या आईला सांगितलेला नाही.

घरी गेले तर पांढर नव्हती. सगळी माती उसात गेली होती. ऊस छान उठला होता, काळाभोर. मधे एकच तुकडा उभा होता, बाजेएवढा आणि बाजेएवढाच उंच. त्यावर थोरली आई बसलेली. डेरा जिथून काढला त्या जागेवर तिनं मशीन येऊ दिलं नव्हतं. जेसीबी भोवतीनं माती खाऊन गेला होता. आता ती रोज न्याहारी घेऊन तिथंच जाते. वस्तीवरची माणसं त्याला 'थोरलीचं सिंव्हासन' म्हणतात. मी होते तेव्हाच जेसीबीवाला आला.

"मावशी, उतरा की. राज्य संपलं."

"तुझी म्हशीन मागं घी आदी. मंग बघू कुणाचं संपलंय."

तो हसला आणि मशीन घेऊन गेला. पण तात्या हसले नाहीत. ते मला बांधावर म्हणाले, "तुज्या शिक्शनाचा काय उपेग झाला मग? आखाडात उसाची आडसाली लागण करायची हाय. त्याच्या आत आनती का तिला? न्हाईतर मी ते सपाट करणार. रान वाया घालवाया मी काय येडा हाय?"

तात्या चुकीचे आहेत. पण मुदत त्यांनी दिली, तेवढी प्रामाणिक तरी दिली. समितीनं तीही दिली नाही.

थोरल्या आईनं मला पिशवीबद्दल विचारलं नाही. मी रिकाम्या हातानं आले हे तिनं फाटकातच पाहिलं होतं. भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात देत ती एवढंच म्हणाली, "जागा धरून ठिवलीया म्हनावं त्यास्नी. हितून उठत न्हाय मी."

तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडं येते. तुमच्यातलं कुणी असल्या गोदामात, असल्या विभागात काम करत असेल, तर उद्या सकाळी जाऊन खालच्या फळ्या बघा. 'दूषित' लिहिलेलं लेकरू सापडलं तर वर विचारत बसू नका. त्याच्या आईला शोधा, आणि आडसाली लागणीच्या आत तिच्या हातात द्या. आणि तुम्ही त्यातले कुणीच नसाल तर आज घरी जा. तुमच्या आईला, आजीला, चुलतीला विचारा, तुझं कुणी मातीत ठेवलंय का, कुठं ठेवलंय. ती सांगेल. तिच्याबरोबर चालत जाऊन ती जागा बघून या, आणि तिथं मशीन येईल त्या दिवशी आडवे उभे राहा. फक्त तिच्याकडं पुरावा मागू नका.